जुन्या शिडाच्या होडीचं सुकाणू : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची तेरा फुटी जुनी होडी मुंबईहून ट्रेलरवर आणली, तेव्हा धुळ्याजवळ चहाला थांबलो होतो. टपरीवरच्या एका बाबांनी होडीला फेरी मारली, मागे लोंबणाऱ्या सुकाणूला हात लावला आणि विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" खान्देशातून मला येणारे प्रश्न तिथूनच सुरू झाले. आता विचारणारे वाढलेत आणि निम्मे प्रश्न सुकाणूचेच असतात, म्हणून तेवढेच इथे एकत्र केलेत. होडीची पुस्तकं समुद्र धरून लिहिलेली असतात. आपल्या पाण्यात मीठ नाही, पण वर ऊन आहे आणि खाली काळा दगड. उत्तरं त्या हिशेबाने वाचा.

१. खान्देशात शिडाची होडी चालते तरी कुठे?

धरणांच्या फुगवट्यात. हतनूरचं पाणी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत पसरतं, ते आमचं नेहमीचं. वाघूर आहे, पश्चिमेला सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज आहेत. गिरणा धरण कागदावर नाशिक जिल्ह्यात, पण पाणी आपलंच. हे सगळं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, तेव्हा आधी रीतसर परवानगी काढा. पावसाळ्यात उतरूच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की तापी कुणाच्याच सुकाणूचं ऐकत नाही.

२. सुकाणूचे भाग कोणते? लेथवाल्याला नेमकं काय सांगू?

पाण्यात बुडतं ते पातं. पातं ज्या दोन गालांमध्ये फिरतं ते डोकं. डोक्यात अडकवलेला, हातात धरायचा तो दांडा, आणि दांड्याच्या टोकाला बाहेर झुकून बसता यावं म्हणून जोडलेली लांब काठी म्हणजे एक्स्टेंशन. होडीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. सुकाणू तिच्यावर दाराच्या बिजागरीसारखं टांगलेलं असतं : पिंटल म्हणजे खुंटी, गजन म्हणजे ती जिच्यात बसते ती कडी. लेथवाल्याकडे पिंटल-गजन म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. "खुंटी, कडी आणि मधला बुश" म्हणा, आणि जुना माल सोबत न्या. बुश म्हणजे कडीच्या भोकात बसणारी छोटी नळी, खुंटी तिच्यात फिरते. मी खाली तेच शब्द वापरलेत.

३. तपासणी किती दिवसांनी?

दर वेळी पाण्यात उतरण्याआधी दोन मिनिटं हलवून बघायचं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हंगाम सुरू होताना, सगळं सुटं करून बघायचं. जुनी होडी नवीनच घेतली असेल तर मालकाने काहीही सांगितलेलं असो, पहिल्याच आठवड्यात सगळं सोडवा.

४. दांडा हलवला की टक-टक वाजतं. ढिलेपणा कुठे आहे हे कसं ओळखू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. बहुतेक लोक पात्याला दोष देतात. जुन्या होडीत पातं शेवटी जातं, आधी सांधे जातात.

होडी ट्रेलरवर घट्ट बांधा, सुकाणू लावा, पातं पूर्ण खाली सोडा. एकाने पात्याचं खालचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बोट लावत सांधे तपासायचे. बोट अर्धं कडीवर आणि अर्धं खुंटीवर ठेवा. दोन्ही वेगवेगळे हलले तर झीज तिथे. तिथे काही जाणवलं नाही तर बोट पात्याच्या मोठ्या बोल्टजवळ, गालांच्या कडेला न्या. तेही ठीक निघालं तर दांडा डोक्यात जिथे घुसतो तिथे. आणि एक जागा हटकून राहते : कडी घट्ट असते, पण कडीसकट ट्रान्समच हलतो. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

गालांमधला ढिलेपणा सगळ्यात स्वस्त. पात्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पातळ चकत्या घाला आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडा असलेला, आपोआप सैल न होणारा) इतकाच आवळा की पातं हाताने वर-खाली होईल, पण आपोआप पडणार नाही. दांडा सैल असेल तर त्याच्या टोकावर एपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून पक्कं होणारं चिकट मिश्रण) भिजवलेली काचकापडाची पट्टी चढवून, वाळल्यावर घासून मापात आणा. पाचर ठोकू नका. वर्षभरात ती डोकं चिरते.

पात्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर हालचाल मी चालवून घेतो. बोटभर हलत असेल तर त्या दिवशी पाण्यात जात नाही.

५. बुश कशाचा करू? ठिबकच्या नळीचा तुकडा चालतो का?

जळगावकडून हा प्रश्न आला नाही तरच नवल! ज्या जिल्ह्यात केळीच्या प्रत्येक खोडाशी नळी पोचली आहे, तिथे हात आधी नळीकडेच जाणार. मीही लावलाय. एक दिवस निभतो, महिना नाही. ती नळी मऊ असते, भार आला की एका बाजूला दबते आणि टक-टक पुन्हा सुरू.

बुश ॲसिटलचा करा. डेलरिन म्हणून दांडे मिळतात, एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरला ठाऊक असतात. नायलॉन स्वस्त पडतं, पण ते पाणी शोषून फुगतं. घरी बरोब्बर बसलेला बुश चार तास पाण्यात राहिला की खुंटी आवळतो. नायलॉनच वापरायचं असेल तर तुकडा दोन दिवस पाण्यात ठेवून मग माप द्या.

कडीचं भोक लांबोळकं झालं असेल तर नुसत्या बुशने भागणार नाही. आधी भोक मोठं करून पुन्हा गोल करून घ्या, मग जाड बुश. खुंटीलाच मधे गळा पडला असेल तर खुंटी बदला, तिथे वेल्डिंग भरून घासण्याच्या फंदात पडू नका.

ग्रीस लावू नका. आपल्या धरणांत गाळ फार, तो ग्रीसमध्ये बसून पॉलिश पेपरसारखं काम करतो. मेणबत्तीचं मेण चोळा.

६. ट्रान्समवरचे बोल्ट सैल होतात. आवळले की आठवड्याने पुन्हा सैल. काय करू?

आवळणं थांबवा. बोल्ट सैल होत नसतो, त्याखालचं लाकूड दबत असतं. जुन्या फायबरच्या होड्यांत ट्रान्समच्या दोन थरांमध्ये बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आतलं प्लाय कुजतं, आणि तुम्ही जितकं आवळाल तितका तो भाग आत बसतो.

एक नाणं घ्या आणि कड्यांच्या भोवती ठोकत जा. टणक, मोकळा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर पेन्सिलने खूण करा. खुणा जोडल्या की कुजलेल्या भागाचा नकाशा तयार होतो. मग बोल्ट काढून भोकात बारीक स्क्रू ड्रायव्हर फिरवा : कोरडा पिवळा भुसा आला तर नशीब, काळपट ओला चोथा आला तर काम.

कूज भोकापुरतीच असेल तर सहा मिलिमीटरचं भोक बारापर्यंत मोठं करा, पूर्ण वाळू द्या, घट्ट केलेलं एपॉक्सी भरा आणि ते पक्कं झालं की मधोमध पुन्हा सहाचं पाडा. आता बोल्टभोवती लाकूडच नाही, पाणी पोचलं तरी कुजणार काय? कूज तळहाताएवढी असेल तर आतल्या बाजूचा फायबरचा थर कापून प्लाय बदलावा लागतो. तेव्हा दुकानातून आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायच आणा. "वॉटरप्रूफ आहे साहेब" एवढ्यावर विश्वास ठेवून मी एकदा फर्निचरचं प्लाय आणलं होतं आणि दोन हंगामांत तेच काम पुन्हा केलं.

परत बसवताना आतून नुसता वायसर नको, तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी द्या. सीलंट पॉलियुरेथेनचं. बाथरूमचं सिलिकॉन लावू नका. त्याचा थर राहिला की पुढे तिथे रंगही धरत नाही आणि एपॉक्सीही नाही.

७. बोल्ट स्टेनलेसचे आहेत, तरी तपकिरी ओघळ दिसतात. गंजतात का?

गंजतात. स्टेनलेसला स्वतःचं संरक्षण टिकवायला हवा लागते. बोल्टचा जो भाग ओल्या लाकडात कोंडलेला असतो तिथे हवा नाही, आणि तिथेच त्याच्या मानेला खड्डे पडतात. डोकं चकचकीत, मान सुपारीसारखी कातरलेली, असा बोल्ट मी स्वतः काढलाय. आपली होडी गोड्या पाण्यात असली तरी बहुतेक जुन्या होड्या आधी समुद्रात चाललेल्या असतात आणि ते मीठ भेगांमध्ये राहतं. खालच्या कडीचा एक बोल्ट काढून बघा, तो बाकीच्यांची बातमी देतो.

नवीन घेताना २०२, ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या प्रकारांत फरक आहे. बाजारात २०२ सर्रास मिळतो, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. धरणासाठी ३०४ पुरतो. चुंबक चिकटत नाही म्हणजे माल अस्सल, हे दुकानदाराचं शास्त्र ऐकून घ्या आणि सोडून द्या. हे तिन्ही चुंबकाला फारशी दाद देत नाहीत.

८. पातं एका बाजूने फुगलंय आणि जड वाटतं. फेकून देऊ का?

थांबा. बहुतेक वेळा वाचतं.

फायबरच्या पात्यात आत फोम किंवा लाकूड असतं. कडेला बारीक चीर पडली की पाणी आत जातं आणि वरचा थर सुटतो. नाण्याची परीक्षा (प्रश्न ६) इथेही चालते. सगळ्यात खालच्या भागात पाच मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि पातं सावलीत टांगा. पाणी ठिबकलं तर निदान पक्कं.

आता वाळवणं. पुण्या-मुंबईचे लोक यासाठी दिवे लावून बसतात. आपल्याला एप्रिल-मे फुकट मिळालाय. कोरडा वारा आणि चाळिशीपार पारा, याहून चांगली भट्टी नाही. पण उन्हात नको, सावलीत. गडद रंगाचं पातं थेट उन्हात हात लावू देत नाही इतकं तापतं, त्या तापमानाला जुनं रेझिन मऊ पडतं आणि भिंतीला टेकवलेलं पातं धनुष्यासारखं वाकतं. पूर्ण वाळलं की नाही याचा अंदाज बोटाने घेऊ नका. दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आलं की वाळलं. माझ्या पात्याला सहा आठवडे लागले, आणि दुकानदाराला अजून वाटतं की मी ते विकायला काढलंय.

मग सुटलेल्या थरात दर दोन इंचांवर बारीक भोकं पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ एपॉक्सी भरा. एका भोकातून भरताना शेजारच्यातून बाहेर आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना प्लास्टिक, त्यावर सपाट फळ्या, आणि शिकंजे आवळून एक दिवस ठेवा. शेवटी पांढरा रंग. हौस म्हणून काळा-निळा नको, कारण वर सांगितलंच.

पातं लाकडी असेल आणि त्याचे थर पानांसारखे सुटत असतील तर मात्र आकार कागदावर काढून घ्या आणि नवीन करा.

९. उन्हाळ्यात एपॉक्सी भांड्यातच जमतं, धूर येतो. माल खराब आहे का?

माल ठीक आहे, वेळ चुकली. तापमान दहा अंश वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना वीस मिनिटं टिकणारं मिश्रण ४५ अंशांना पाच मिनिटांत संपतं, आणि खोल भांड्यात असेल तर स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं उकळतं. पहाटे पाच ते सात काम करा. एका वेळी दोन-तीन चमचेच कालवा, लगेच पसरट ताटलीत ओता. स्लो हार्डनर मिळाला तर तोच घ्या. वेळ वाढावा म्हणून हार्डनर कमी घालू नका, ते मग कधीच नीट पक्कं होत नाही.

१०. दगडावर घासून पात्याच्या कडेचे टवके उडालेत. दर वेळी दुरुस्त करायचं का?

पुढची कड दर वेळी, कारण तिथूनच पाणी आत शिरतं. त्या दिवशी घरी येऊन एम-सीलसुद्धा चालेल, नीट काम नंतर करा. पुढची कड गोलसर आणि मागची निमुळती हवी.

पण खरा उपाय दुसरा आहे. पातं खाली धरून ठेवायला खिळा ठोकू नका, दोरी ठेवा, आणि ती झटका बसला की आपोआप सुटणाऱ्या क्लीटमध्ये (दोरी धरून ठेवणारी पकड) अडकवा. पाणी उतरत जातं तसे मार्चनंतर खडक आणि जुनी खोडं दर आठवड्याला नव्या जागी वर येतात. दगड आणि पातं यांच्यात काहीतरी सुटावं लागतं. दोरी सुटली तर बरं, नाहीतर ट्रान्सम सुटतो.

११. सुकाणू दुरुस्त केलं, सांधे घट्ट, तरी दांडा हाताला प्रचंड ओढ देतो. काय राहिलं?

बहुधा पातं पूर्ण खाली जात नाही. होडी ट्रेलरवर असताना बाजूने बघा : पात्याची पुढची कड खुंट्यांच्या रेषेशी समांतर आहे का? ती थोडी जरी मागे झुकली तरी पाण्याचा दाब फिरण्याच्या रेषेपासून लांब पडतो आणि हात भरून येतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, मोकळ्या कडेजवळ हलकं, तसं इथे पाणी दार ढकलतंय आणि तुम्ही अडवताय. दोरी ताणली जाते हे नेहमीचं कारण. साधी नायलॉनची दोरी काढा, न ताणणारी डायनीमा घाला. डोक्यातला अडथळा घासून पातं आणखी दोन अंश पुढे आणता आलं तर तेही करा.

पातं सरळ असूनही ओढ असेल तर सुकाणूला सोडा. होडी कलली की ती वाऱ्याकडे तोंड वळवणारच. सपाट ठेवा, मोठं शीड थोडं सैल करा, डोलकाठी फार मागे झुकली आहे का बघा. दांडा सतत बराच वळवून धरावा लागत असेल तर तो ब्रेक झालाय.

१२. वेग घेतला की पातं गुणगुणतं. धोका आहे का?

धोका नाही, कटकट आहे. मागची कड गोल झाली की पाणी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सुटतं आणि पातं थरथरतं. ती कड चौकोनी, दीड-दोन मिलिमीटर जाडीची करा, किंवा एका बाजूने तिरपी घासा. बारीक पेपर, अर्धा तास. आवाज तरीही राहिला तर प्रश्न ४.

१३. होडी उलटली आणि सुकाणू तळाला गेलं. हे टाळता येतं का?

दोन रुपयांच्या गोष्टीने. कडीच्या वर एक स्प्रिंगची क्लिप असते, खुंटी वर उचलली जाऊ नये म्हणून. जुन्या होडीत ती तुटलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण होडी सरळ असते तोवर सुकाणू वजनाने जागेवर बसतं. नवी क्लिप लावा, शिवाय डोक्यापासून ट्रान्समपर्यंत एक पातळ दोरी बांधा.

आमचं सुकाणू असंच गेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मच्छीमारांच्या जाळ्यात आलं. चहा-भज्यांवर सुटका झाली, पण फाटलेल्या जाळ्याचे पैसे आम्ही मागून नेऊन दिले, तुम्हीही द्या.

१४. सुतार म्हणतो दांडा सागाचा कर. करू का?

करा. सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड निवडा. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच जोडा. वरून उन्हाला टिकणारं व्हार्निश हवंच, नुसतं एपॉक्सी उन्हात पिवळं पडून सुटतं. बाभूळ मजबूत, पण जड आणि वाकडी. एक्स्टेंशनचा रबरी सांधा मात्र दर हंगामात वाकवून बघा. आपल्या उन्हात त्याला भेगा लवकर पडतात आणि तो नेमका जोराच्या वाऱ्यात तुटतो.

१५. पावसाळ्याचे चार महिने सुकाणू कुठे ठेवू?

होडीवरून काढा, घरात आणा. पत्र्याच्या शेडमध्ये नाही, उभं टेकवून नाही. पातं आडवं, दोन सपाट आधारांवर, किंवा वरून टांगून. लाकडी दांडा जमिनीला लावू नका, वाळवी जून-जुलैत पोचते. बोल्टच्या आणि दोरीच्या भोकांत कापडाचे बोळे कोंबा. नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, आणि दिवाळीत तुम्हाला वाटतं बोल्ट अडकलाय.

१६. पाण्याच्या मधोमध सुकाणू मोडलं तर?

वल्हं होडीत ठेवलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. मोठं शीड उतरवा किंवा अर्धं करा, वल्हं मागच्या कोपऱ्यावर दोरीच्या फासात अडकवा आणि पात्यासारखं धरा. वल्हं नसेल तर शरीराने वळवा : होडी डावीकडे कलवली की ती उजवीकडे वळू पाहते. शांत दिवशी मुद्दाम सुकाणू काढून याची सवय करा.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज चितारलंय. त्याच्या मागे बिजागरीचं सुकाणू नाही, कडेला लावलेली मोठी वल्ही आहेत. लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे आपल्याच जळगाव जिल्ह्यात येते, तेव्हा वल्ह्याने घरी परतायची लाज वाटून घेऊ नका.

१७. सुट्टीत होडी अलिबागला नेणार आहे. आठवडाभर समुद्रात चालवली तर सुकाणूला काही वेगळं करायचं का?

एकच जागा सांभाळा : ॲल्युमिनियमच्या डोक्यात स्टेनलेसचा बोल्ट. गोड्या पाण्यात हे दोघं वर्षानुवर्षं नांदतात. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि बोल्टभोवती पांढरी पावडर जमते. जाण्याआधी बोल्ट काढून दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे वायसर घाला आणि आट्यांना लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) लावा. तिथे रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, कड्यांच्या मागून आणि गालांच्या आतूनही. परत आल्यावर पात्याचा बोल्ट पुन्हा एकदा सोडवायचा. फिरत नसेल तर ताकद लावण्याआधी गरम पाणी ओता. तेव्हाही नाही फिरला तर टर्नरकडे न्या, हातोडीने पहिले गाल फुटतात.